जुन्या वाड्याच्या लाकडातून घोड्यांची पागा : कुठलं लाकूड कुठे वापरावं?

भीमाकाठी

नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यात नदीजवळ आमची शेती आहे. घरी दोन घोड्या आहेत. एक मारवाडी, सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. दुसरी भीमथडी, मेंढपाळांकडून घेतलेली, अंगाने लहान पण काटक. मारवाडी गाभण आहे. सध्या दोघी म्हशींच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये असतात. मे महिन्यात त्या पत्र्याखाली माणूस उभा राहू शकत नाही, तर जनावरांचं काय होत असेल! दिवाळीनंतर नीट पागा बांधायची ठरवलंय.

सासवडचा आमच्या आजोळचा वाडा उतरवला. वाटणीत बाकीच्यांनी रोख घेतली, मी लाकूड मागून घेतलं. सगळ्यांनी वेड्यात काढलं ते सोडा. माल असा :

खांब १६, सहा बाय सहा इंची, उंची साडेसात फुटांच्या आसपास. तुळया ८ बाय ६ इंची, लांबी नऊ ते दहा फूट. कडीपाटाच्या कड्या ४ बाय ३ च्या आणि त्यावरच्या सव्वा इंची फळ्या भरपूर. वासे, रिपा, खांबाखालचे दगडी तळखडे, दोन नक्षीचे दरवाजे चौकटीसकट. बहुतेक सगळं सागवान, काही कड्या बाभळीच्या वाटतात. बऱ्याच फळ्यांच्या एका बाजूला हिरवा ऑईलपेंट आहे.

आता प्रश्न. खांब साडेसात फुटी, घोड्यांना ती उंची पुरणार नाही. तुळया दहा फुटी, पण एका घोडीचा खण हवा बारा फुटी. जमीन काळी, पावसाळ्यात फुगते. वाळवी तर आमच्याकडे पाचवीला पुजलेली. आणि मारवाडी घोडी लाकूड चावते. तिने शेडचा आडवा बांबू कुरतडून निम्मा केलाय. हे लाकूड पागेला वापरावं की विकून लोखंडी शेड उभी करावी? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

चहाटळ

दोन घोड्यांना वाडा! आमच्या अख्ख्या इमारतीत मिळून दोन तुळया सागवानाच्या नसतील. पुढच्या जन्मी घोडी व्हावं म्हणतो.

रंधापटाशी

लाकूड विकू नका. घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे म्हणून सांगतो. आज बाजारात सागवान म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचं असतं. कोवळं झाड, पांढरं जास्त, गाभा कमी. म्यानमारने २०१४ मध्ये अख्खे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हापासून चांगला जुना साग वाड्यांतूनच निघतो. विकायला गेलात तर वखारवाला "काय हो, जुनं लाकूड, खिळ्यांनी भरलेलं" म्हणून नाक मुरडेल आणि तोच माल रंधा मारून दुप्पट भावाने विकेल. मोजमापातही हात मारतात. हिशेब स्वतः करा : लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. तुमची दहा फुटी ८ बाय ६ ची तुळई झाली ३.३३ घनफूट. वजन साठ किलोच्या आसपास, तेव्हा चढवताना घाई नको.

आधी निवड करा. प्रत्येक तुळई दोन ओंडक्यांवर ठेवून हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ. मग पटाशीचं टोक दाबून बघा. तुळयांची टोकं भिंतीत गाडलेली असतात, ओल तिथेच मुरते. वरून चकचकीत दिसली तरी टोकाकडचं नऊ इंच ते फूटभर बहुधा गेलेलं असतं. ते निर्दयपणे कापा. म्हणजे तुमची दहा फुटी तुळई आठ फुटी धरून चाला. जोड द्यायचा तो खांबाच्या डोक्यावरच, मधे लटकता जोड कधीच नाही. वर्षानुवर्षं वजन घेऊन जी तुळई खाली झुकलीय ती उलटी करून पोट वर ठेवा.

कुसूची (म्हणजे जोडासाठी लाकडाच्या टोकाला काढलेल्या जिभेची) खाच तुळईच्या मध्यावर खालच्या अंगाला येत असेल तर ती तुळई भाराला नको. तिची गव्हाण करा, चौकट करा, काहीही करा.

खिळे. हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या लाकडात लोहाराने ठोकलेल्या चौकोनी मेखा असतात. डोकं गंजून गेलेलं, वर लाकूड मिटलेलं, बाहेरून काही दिसत नाही. फक्त काळपट निळा डाग दिसतो. तो डाग दिसला की आत लोखंड आहे असं समजायचं, कारण सागाला आणि बाभळीला लोखंड लागलं की ते काळं पडतं. चुंबक फिरवा, हातातला मेटल डिटेक्टर मिळाला तर उत्तम. आरामशीनवाले खिळ्याचं लाकूड घ्यायला तयार नसतात, घेतलं तर पातं तुटल्याचे पैसे आधीच ठरवतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही.

टापटीप

भीमाकाठी, अभिनंदन. मी पुण्याजवळ घोडेस्वारी शिकवते. लाकडातलं मला कळत नाही, पण घोड्यांच्या बाजूने चार गोष्टी.

मारवाडीला खण १२ बाय १२ फूट हवाच. भीमथडीला १० बाय १० चालेल, पण करताय तर सारखेच करा. उद्या घोडा बदलला की पंचाईत. विण्यासाठी १२ बाय १२ अपुरा पडतो. तेव्हा दोन खणांमधली भिंत काढता येईल अशी करा. दार चार फूट रुंद आणि निदान साडेसात-आठ फूट उंच. घोडा दचकला की मान वर फेकतो आणि डोकं आपटतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार, आणि घोडी दारालगत आडवी पडलेली, अशा वेळी तुम्ही आत जाणार कसे?

आता कटू भाग. ते नक्षीचे दरवाजे पागेला लावायचा विचार मनात असेल तर काढून टाका. वाड्याचे दरवाजे ठेंगणे असतात, खाली उंबरठा, वर कड्या-कोयंडे आणि पितळी फुलं. घोडी बाहेर पडताना कुल्ला घासते, त्यात ते फूल अडकलं की कातडी वीतभर फाटते. मी डोळ्यांनी बघितलंय.

आतून लाथ बसणाऱ्या भागात, म्हणजे जमिनीपासून साडेचार-पाच फुटांपर्यंत, फळी दीड-दोन इंच जाड हवी. तुमच्या सव्वा इंची फळ्या एकेरी टिकणार नाहीत. दुहेरी ठोका, आतली आडवी आणि बाहेरची उभी. त्यावरच्या गजांमध्ये फट अडीच इंचांपेक्षा जास्त नको, शिंगरू येणार आहे. शिंगराचा खूर इवलासा असतो आणि अडकण्यासाठी ते जागा शोधतच असतं.

हिशेबी

सगळ्यांचा उत्साह समजला, पण भावनेच्या भरात कुणी मजुरी मोजत नाहीये. खिळे काढणं, टोकं कापणं, रंग उतरवणं, जुन्या मापाचं लाकूड नव्या मापाला बसवणं. सुताराची हजेरी आजकाल काय आहे ते विचारा. लोखंडी पाईपचा सांगाडा वेल्डर आठवड्यात उभा करतो. साग विका, त्यात लोखंडी शेड उभी राहून वर घोड्यांची वर्षभराची चंदी सुटेल. वाड्याच्या आठवणीसाठी एक तुळई दिवाणखान्यात ठेवा.

भीमाकाठी

हिशेबी, घरात सगळे हेच म्हणतात. पण लोखंडी शेड आत्ताही आहेच आणि तिच्यातूनच सुटायचंय. शिवाय आमच्याकडे वेल्डर आठवड्यात येतो म्हणाला की महिना धरायचा.

रंधापटाशी, तुम्ही म्हणालात तसं ठोकून पाहिलं. एक खांब आतून पोकळ निघाला, बाकी पंधरा ठणठणीत आहेत.

जांभा

आम्ही कोकणात असल्या लाकडाला जळकं ऑईल फासतो. गॅरेजमध्ये फुकट मिळतं. वाळवी जवळ येत नाही. नाहीतर काजूच्या टरफलांचं तेल, होड्यांना लावतात ते. एक हात दिलात की दहा वर्षं बघायला नको.

अश्ववैद्य

जांभा, होडी लाकूड चावत नाही हो!

भीमाकाठी, मी मोठ्या जनावरांचा डॉक्टर आहे, नगर जिल्ह्यात काम करतो. तुमची एक घोडी लाकूड चावते हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत, ते बरं केलंत. त्यावरून निम्म्या गोष्टी ठरतात.

जळकं ऑईल अजिबात नको. इंजिनातून निघालेल्या तेलात धातूंचे अंश असतात, ते चाटण्यात जातात. काजूच्या टरफलाच्या तेलाने माणसाच्या हाताची सालं निघतात, घोडीच्या ओठांचं काय होईल? कुणी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर स्वस्तात देऊ केले तर तेही आत वापरू नका. त्यांत क्रिओसोट नावाचं डांबरी, विषारी तेल मुरवलेलं असतं. उन्हात तापलं की वास येतो तो त्याचाच.

तुमच्या फळ्यांवरचा हिरवा रंग ही माझी मुख्य काळजी. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, अंमल २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या ऑईलपेंटात शिसं असणार असंच धरून चाला. ती बाजू घोडीच्या तोंडाशी येता कामा नये. रंग कोरडा घासू नका आणि जाळून तर मुळीच काढू नका, तो धूर तुमच्या पोटात जाईल. एकतर ओला करून खरवडा, मास्क लावून, खाली प्लास्टिक अंथरून, खरवड गोळा करून. नाहीतर सरळ त्या फळ्या छताला वापरा, रंगाची बाजू कौलांकडे.

दुसरं म्हणजे धनुर्वात. पाळीव जनावरांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं जनावर नाही. जुनं लाकूड, गंजके खिळे आणि लीद, तिन्ही एका जागी येणार आहेत. काम सुरू होण्याआधी दोघींचं लसीकरण तपासा. गाभण घोडीला विण्याच्या साधारण महिनाभर आधी डोस दिला की शिंगराला चिकातून संरक्षण मिळतं. मिस्त्रीलाही इंजेक्शन द्या, तो विसरला जातो. काढलेले खिळे डब्यात टाका, मातीत नाही.

तिसरं, गव्हाण लाकडाची नको. दिसायला छान, पण लाकूड लाळ पितं आणि धुता येत नाही. ग्लँडर्ससारखा रोग दाण्यापाण्याच्या भांड्यांतून पसरतो. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात पक्का झाला की कायद्याने जनावर मारावं लागतं. काढून घासता येतील अशी भांडी ठेवा, प्रत्येकीचं वेगळं.

रंधापटाशी

डॉक्टरांना दुजोरा. तेल द्यायचंच असेल तर बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) द्या, पातळ हात, आणि घोडी आणण्याआधी पूर्ण वाळू द्या. पण एक सांभाळा : बेलतेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकलं की ते आपोआप पेटू शकतं. खरंच पेटतं. शेजारी गवताची गंजी असेल तर विचारूच नका. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

चावण्यावर उपाय रसायनाचा नाही, लोखंडाचा. घोडी फळीच्या पाठीला तोंड लावत नाही, कडेला लावते. दाराची वरची कड, आडव्या दांड्या, खिडकीचं तळ, जिथे जिथे कड आहे तिथे जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा अँगल बसवा. टोकं दुमडून, स्क्रू आत बुडवून.

अश्ववैद्य

बरोबर, पण त्याबरोबर ती का चावते तेही बघा. दिवसभर बांधलेली, चारा दोन वेळचा, बाकी वेळ रिकामं पोट आणि रिकामं डोकं. घोड्याचं पोट सतत थोडं थोडं खाण्यासाठी आहे. मोकळी सोडा, वाळलं गवत पुढ्यात राहू द्या. अर्धा प्रश्न तिथेच मिटेल.

घाटवाट

आम्ही माथेरानचे. मोटारी बंद असल्याने आमच्याकडे घोड्यावाचून चालत नाही, आणि पाऊस किती ते सांगायला नको. तीन पिढ्यांच्या अनुभवावरून एकच सांगेन : पागेला भिंती कमी, हवा जास्त. थंडी-पावसापेक्षा घोड्याला कोंडलेली हवा मारते. मुतातून अमोनिया निघतो, तो खालच्या थरात जास्त साचतो. तुम्ही उभे असता पाच-साडेपाच फुटांवर, तुम्हाला वास येत नाही. शिंगरू झोपतं जमिनीवर. पागा साफ झाली की नाही हे बघायचं तर गुडघ्यावर बसून श्वास घ्या.

आढ्याला मोकळी फट ठेवा, वर टोपी देऊन. गरम हवा तिथून जाते. तुमच्याकडे दौंडला ऊन जास्त, तेव्हा लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब बाजूंवर सकाळ-संध्याकाळचं ऊन येणार नाही. वळीव कुठल्या दिशेने येतो ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या बाजूला पडवी खाली ओढा.

जमीन लाकडाची करायचं मनात असेल तर नको. फळ्या मूत पितात, गुळगुळीत होतात, खाली उंदरांचं राज्य. नुसतं काँक्रीटही पायांना वाईट. कुटलेला मुरूम सगळ्यात बरा, तो उकरला गेला की भरायची तयारी ठेवायची.

भीमाकाठी

घाटवाट, आभार. मुरमाचंच करणार. काळी माती साडेतीन-चार फूट काढून, थराथराने मुरूम भरून, पाणी मारून दाबून घेऊ. उन्हाळ्यात आमच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर काहीही उभं केलं तर ते चालायला लागतं.

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर. शिवकाळात पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा) आणि एक नालबंद नेमलेला असे. घोडी अगाडी-पिछाडीने बांधलेली, बरीचशी उघड्यावर किंवा पडवीत. एकेका घोड्याला बंद खोली ही पद्धत इकडची नाहीच. मग एवढा बारा बाय बाराचा घाट कशाला?

टापटीप

कारण ती घोडी रोज दहा-वीस कोस चालत होती. आपली दिवसाचे वीस तास उभी असतात.

ओहायोकर

मी ओहायोत राहतो, इथे शेतावरची शंभर-सव्वाशे वर्षांची लाकडी कोठारं उतरवून पुन्हा वापरणं हा मोठा धंदा आहे. आमिश सुतारांच्या टोळ्या कोठार उतरवताना प्रत्येक जोडावर क्रमांक घालतात, कुठली कुसू कुठल्या खाचेतली ते कळावं म्हणून. ओकचं लाकूड इतकं कठीण झालेलं असतं की भोक पाडल्याशिवाय खिळा जात नाही. तुमच्या सागाचंही तसंच असेल. भोक पाडून बोल्ट वापरा, फळ्या चिरणार नाहीत.

एक इशारा. इथे काळ्या अक्रोडाचा भुसा चुकून अंथरुणात आला तर घोड्याचे पाय एका दिवसात सुजतात, खुरांना आतून दाह होतो. तुमच्याकडे ते झाड नाही, पण तत्त्व तेच : कुठल्याही आरामशीनवरचा मिसळीचा भुसा खाली घालू नका. कुठल्या लाकडाचा आहे ते माहीत हवं.

आयात मालाच्या खोक्यांचं पाईन लाकूड तिकडे स्वस्त मिळतं असं ऐकतो. त्यावर शिक्का बघा. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घोड्याजवळ नको.

कागदोपत्री

लाकूड सासवडहून दौंडला आणलंत की अजून तिकडेच आहे? सागवानाच्या वाहतुकीवर वनखात्याचं नियंत्रण असतं. जुनं असलं तरी नाक्यावर अडवून विचारतात, आणि रात्री दहाला रस्त्यात उभं राहून "अहो, आजोळच्या वाड्याचं आहे" म्हणून कुणी ऐकत नाही. आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन काय लागतं ते विचारा. वाडा उतरवल्याचा नगरपालिकेचा कागद, वाटणीपत्राची प्रत, मालाची मापांसह यादी आणि वाडा उभा असतानाचे फोटो जवळ ठेवा.

भीमाकाठी

अजून सासवडलाच आहे. उपयुक्त सांगितलंत, यादी करायला घेतो.

उंचीबद्दल एक विचार सुचलाय, त्यावर बोला. तळखडे आहेतच. त्यांच्याखाली घडीव दगडाचे अडीच फुटी चौथरे करायचे, वर तळखडा, वर साडेसात फुटी खांब. उंची दहा फूट झाली. लाकूड जमिनीपासून वर गेलं, म्हणजे वाळवीला मातीतून थेट वाट नाही. मूत आणि लीदही लाकडापर्यंत पोहोचत नाही.

रंधापटाशी

झकास! पण एक अडचण. वाड्यात खांब तळखड्यावर नुसता टेकलेला असतो, त्याला सरळ धरून ठेवतात त्या भोवतालच्या भिंती. तुमच्या पागेला भिंती नाहीत. वळवाचा वारा कौलांखाली शिरला किंवा घोडीने अंग घासलं तर सगळी ओळ एका अंगाला कलंडेल. चौथऱ्यातून १६ एमएमचा गज वर काढा, तळखड्याला भोक पाडून खांबात निदान नऊ इंच घ्या. प्रत्येक खांबाच्या डोक्याशी तुळईला दोन्हीकडे तिरपे टेके द्या, बाभळीच्या कड्या त्याला उत्तम. टेके सात फुटांच्या वरच राहू द्या, खाली आले तर घोडीच्या डोक्याला लागतील. चौथऱ्यांचे कोपरे गोल करून घ्या.

आणि वाळवी चौथऱ्यावरून मातीची नळी बांधत वर चढतेच. फरक एवढाच की आता ती नळी तुम्हाला दिसेल. महिन्यातून एकदा फेरी मारा आणि मोडा.

हिशेबी

मग बारा फुटी खण आठ फुटी तुळयांनी कसा झाकणार?

भीमाकाठी

खांबांची ओळ सहा-सहा फुटांवर. खणाच्या पुढच्या बाजूला एका सहा फुटांत दार, दुसऱ्या सहा फुटांत अर्धी भिंत. मधला खांब भिंतीच्या ओळीतच येतो, आत काही अडचण नाही. दोन खणांची मिळून २४ फूट लांबी, म्हणजे एका ओळीत पाच खांब. पुढची ओळ, मागची ओळ आणि पडवीची ओळ. पंधरा. जेवढे आहेत तेवढेच लागले! पुढून मागे बारा फुटांचा आडवा गाळा मात्र सागाने होत नाही. तिथे तुमचं ऐकतो, हिशेबी. लोखंडी चॅनल टाकतो, त्यावर आढ्याचे ठोकळे आणि वासे.

हिशेबी

चला, निदान पाच चॅनल तरी माझ्या नावावर.

भीमाकाठी

फाल्गुन संपत आला, बरेच दिवसांनी धागा वर काढतोय. पागा उभी आहे. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यासाठी तपशील.

लाकूड कागदपत्रांसह आलं. वाटेत अडवलं, कागद बघितले, सोडलं. मिस्त्री गावातलेच, साठी ओलांडलेले, त्यांनी तरुणपणी माळवदाची घरं बांधलीत. पहिल्याच दिवशी ते तुळईवर कान ठेवून दुसऱ्या टोकाला पोराला नखाने टिचकी मारायला सांगत होते. टिचकी स्वच्छ ऐकू आली की "चालंल", नाहीतर हाताने बाजूला करायची खूण. आमचं यंत्र वगैरे त्यांनी बघितलंही नाही. मेखा मात्र यंत्रानेच सापडल्या, दोन पत्र्याचे डबे भरले.

हिरव्या फळ्या खरवडायचा नाद सोडला. सगळ्या छताला गेल्या, रंग वर, त्यावर रिपा आणि जुनीच मंगळुरी कौलं. एक कौल दोन-अडीच किलोचं, म्हणून वासे जवळजवळ घेतले. फळीच्या आणि कौलाच्या मधे हवेचा थर राहिल्याने दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये आणि इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. आढ्याला फट ठेवलीय, वर पत्र्याची टोपी.

लाथेच्या भागात खाली फूटभर दगडी पट्टा, वर साडेचार फुटांपर्यंत बिनरंगी फळ्या दुहेरी. दोन खणांमधली भिंत फळ्या वरून सरकवून घालायची. खांबांना लोखंडी चॅनल आहे, मधे काढता येणारा एक लोखंडी खांब, जमिनीत पाईपच्या खोबणीत बसतो. खोबणीला जाड झाकण. विण्याच्या वेळी सगळं काढलं की २४ बाय १२ मोकळं.

टापटीप ताई, नक्षीचा एक दरवाजा बहिणीने नेला, दुसरा चंदीच्या खोलीला लावला. तिथे फक्त माणसं जातात.

टापटीप

वा! लोळताना भिंतीला पाठ लावून पाय अडकायची भीती असते, तेव्हा कडेने गवताचा बांध जरा उंच ठेवा. गाभण असताना विशेष.

जांभा

छान झालंय असं दिसतंय. फोटो टाका की राव. आणि तेल काय लावलंत शेवटी?

भीमाकाठी

बाहेरच्या अंगाला बेलतेल, आत काहीच नाही. कडांना पत्र्याचे अँगल. मारवाडीने पहिल्या दिवशी दाराच्या कडेला तोंड लावलं, पत्र्याची चव आवडली नाही बहुतेक, सोडून दिलं. आता दिवसा दोघी मोकळ्या असतात त्याचाही फरक असेल.

तिने दुसरीच कला शिकलीय. दाराची आडवी कडी ओठाने वर करून सरकवते. दोनदा पहाटे अंगणात सापडली. भीमथडीला हे जमत नाही, ती मागून निवांत बाहेर येते.

अश्ववैद्य

हसण्यावारी नेऊ नका. सुटलेली घोडी आधी चंदीकडे जाते. पोटभर धान्य खाल्लं की पोटशूळ, नाहीतर खुरांना दाह, आणि गाभण असेल तर दोन्ही महागात. दाराला खाली दुसरी कडी लावा, पायाने दाबून उघडणारी, तिथपर्यंत तिचं तोंड पोहोचलं तरी उघडता येत नाही. वरच्या कडीला स्प्रिंगचा हूक. आणि त्या नक्षीच्या दाराला कुलूप आहे ना?

भीमाकाठी

कोयंडा आहे, कुलूप नाही. आज संध्याकाळीच आणतो. लोहाराला खालच्या कडीचं चित्र काढून द्यावं लागेल, कुणाकडे मापं असतील तर टाका.

टापटीप

आमच्याकडच्या कडीची मापं आणि फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेत. तळापासून आठ इंचांवर बसवा, त्याहून वर नको.